पहिल्यांदा मचाणावर जाताना: जंगलातली विष्ठा, पाणवठा आणि पोटातले जंत

बुद्धपौर्णिमेच्या पाणवठा गणनेला, म्हणजे चांदण्यात मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजायला, पहिल्यांदाच निघालेला माणूस साधारण तीन गोष्टी विचारतो. वाघ दिसेल का, मचाणावर साप चढतो का, आणि मोबाइलला रेंज असते का. हात धुवायला पाणी किती न्यायचं, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

मीही विचारलं नव्हतं. माझ्या पहिल्या गणनेत मचाणाच्या वाटेवर बिबट्याची वाळून पांढरी पडलेली विष्ठा दिसली. उत्साहाच्या भरात बोटांनीच ती फोडली, आतले केस आणि हाडाचे तुकडे पाहिले, पँटला हात पुसले आणि वर चढून भाकरी-ठेचा सोडला. सोबतचे वनमजूर काका थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, त्यानं गावातलं कुत्रं खाल्लं होतं. त्या कुत्र्यानं काय काय खाल्लं होतं ते देव जाणे." चंद्र छान उगवला होता, पण माझं सगळं लक्ष पोटाकडे.

मला काही झालं नाही. पण पुढे या विषयात जरा खोलात गेलो तेव्हा कळलं की काकांनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. रानातले जंत माणसापर्यंत येतात ते बहुतेक वेळा आपल्याच हातांवरून, पाण्यातून किंवा घरच्या कुत्र्याबरोबर. गणनेला, सर्वेक्षणाला किंवा नुसत्या जंगलभटकंतीला नव्याने निघालेल्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी थोडं पोटातलं

वन्यप्राण्याच्या आतड्यात जंत असणं हे नेहमीचंच. धडधाकट वाघ, चितळ, वानर, रानडुक्कर, कोणाच्याही विष्ठेत शोधलं तर काही ना काही सापडतं. त्यामुळे "बिचाऱ्याला जंत झालेत" म्हणून हळहळू नका, आणि पाणवठ्यात औषध टाकण्याची कल्पना तर मनातही आणू नका. (हे कोणीतरी दरवर्षी सुचवतं.) आपला प्रश्न वेगळा आहे. त्या विष्ठेतून जे बाहेर पडतं, ते माणसाला कधी आणि कसं लागतं?

चार तऱ्हा लक्षात ठेवल्या की बरंचसं उलगडतं.

पहिले गोल जंत. टॉक्सोकारा हा त्यांतला महत्त्वाचा. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्यात त्याची एक जात, तर मांजरवर्गात दुसरी. याची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालू शकते. गंमत अशी की ताज्या विष्ठेतलं अंडं माणसाला काहीच करू शकत नाही. ते मातीत पडून राहावं लागतं, आत अळी तयार व्हावी लागते, आणि त्याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. एकदा ती तयार झाली की दमट, सावलीच्या जागी अंडं महिनोन्‌महिने, कधी काही वर्षंही टिकतं. म्हणजे मी ज्या पांढऱ्या, वाळक्या, "आता काय त्यात" असं वाटणाऱ्या विष्ठेशी खेळलो, ती या बाबतीत ताज्या विष्ठेपेक्षा जास्त धोक्याची. माणसाच्या पोटात ही अळी मोठी होत नाही. आतडं भेदून ती यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यात भटकते.

दुसरे टेपवर्म, म्हणजे फितीसारखे चपटे जंत. यांचं गणित नेमकं उलटं. अंडं बाहेर पडतं तेच तयार होऊन. यांतला इकायनोकॉकस जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्या आतड्यात शेकडो असले तरी त्या जनावराला पत्ता नसतो. त्याची अंडी शेळी, मेंढी किंवा गाय चरताना गिळते आणि तिच्या यकृतात-फुप्फुसात पाण्याने भरलेल्या पिशव्या तयार होतात. मेलेल्या मेंढीचं काळीज, म्हणजे यकृत, कुत्र्याने किंवा कोल्ह्याने खाल्लं की फेरा पूर्ण. चुकून ते अंडं माणसाने गिळलं, तर मेंढीच्या जागी आपण. पिशवी बहुतेक वेळा यकृतात होते, त्याखालोखाल फुप्फुसात, आणि इतकी सावकाश वाढते की कळेपर्यंत काही वर्षं उलटून जातात. याला हायडॅटिड म्हणतात.

तिसरे हुकवर्म. यांना तोंडाची गरज नाही. विष्ठेतल्या अंड्यातून ओल्या मातीत किंवा वाळूत अळी बाहेर येते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. प्राण्यांचे हुकवर्म माणसात बहुधा कातडीतच वाट चुकतात. लाल, नागमोडी, भयंकर खाजणारी रेघ उमटते आणि रोज थोडी थोडी पुढे सरकते. कोकणात-गोव्यात किनाऱ्यावर अनवाणी फिरून आलेल्यांच्या पायावर ती दिसते.

चौथे एकपेशीय. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम गुरं, हरणं, माकडं, माणूस, सगळ्यांत सापडतात. प्रत्येक जात प्रत्येकाला लागते असं नाही, पण पाण्याकडे बघून ती ओळखता येत नाही. ती बाहेर पडतात ती लागायला तयार असतात आणि त्यांचा आवडता रस्ता म्हणजे पाणी. टॉक्सोप्लाझ्मा हाही याच कुळातला. तो फक्त मांजरवर्गाच्या विष्ठेतून बाहेर पडतो, घरच्या मनीपासून बिबट्यापर्यंत, आणि एक ते पाच दिवसांत तयार होतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो. तेव्हा दिवस गेलेल्या मैत्रिणीने मचाणावर बसून वाघ खुशाल पाहावा, विष्ठेचे नमुने मात्र दुसऱ्या कोणालातरी गोळा करू द्यावेत.

म्हणजे ताजी विष्ठा असली तर टेपवर्म आणि एकपेशीय, जुनी असली तर गोल जंतही. "ही चालेल" अशी कुठलीच नाही.

पिशवी भरताना

साबण. साधा, अंगाचा, वडीचा अर्धा तुकडा. कागदी साबणही चालेल. पिण्याच्या पाण्याशिवाय हातांसाठी वेगळं दोन लिटर पाणी, आणि त्या बाटलीवर मार्करने "हात" असं लिहा. नाहीतर वैशाखातल्या दुपारी तीही पिऊन संपते, हा अनुभव आहे.

सॅनिटायझर न्या, हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. जंतांच्या अंड्यांचं कवच आणि क्रिप्टोस्पोरिडियमचं आवरण अल्कोहोलला दाद देत नाही. साबण तरी त्यांना मारतो कुठे? घासण्याने आणि वाहत्या पाण्याने ती हातावरून निघून जातात, एवढंच, आणि तेवढं पुरतं. वीस सेकंद, नखांच्या खालीसुद्धा. नखं आदल्या दिवशीच कापून घ्या.

बाकी पायात पूर्ण बंद बूट, दोन-चार जोड्या हातमोजे, एक मास्क, आणि घाणेरडे हातमोजे ठेवायला बंद होणारी प्लास्टिकची पिशवी. बसायला चटई न्या, कारण उघड्या जमिनीवर मांडी घालायची आणि त्याच जमिनीवर डबा उघडायचा ही आपली जुनी खोड.

वाटेवर विष्ठा दिसली की

ती वाटेवरच दिसणार. बिबट्या, वाघ, कोल्हा आपली हद्द सांगायला मुद्दाम जंगलरस्त्याच्या मधोमध, तिठ्यावर, दगडावर विष्ठा टाकतात. उदमांजराला तर उंच दगड फारच प्रिय. करवंदाच्या दिवसांत त्या दगडांवर बियांचे ढीगच्या ढीग असतात.

पाहा, फोटो काढा, मापासाठी शेजारी पेन ठेवा. (शेजारी. वर नाही. आणि तो पेन नंतर दातात धरू नका.) आत काय आहे ते बघायचंच असेल तर काडीने उलगडा आणि काडी तिथेच टाका. वाळलेली असेल तर तोंड जवळ नेऊन फोडू नका, धूळ नाकातोंडात जाते. कधीकधी ताज्या विष्ठेवर तांदळाच्या दाण्यासारखे चपटे पांढरे तुकडे हलताना दिसतात. ते टेपवर्मचे सुटे मणके, आणि प्रत्येकात अंडी ठासून भरलेली. फोटो उत्तम येतो, हात लावू नका.

व्याघ्रगणनेत, म्हणजे 2006 पासून दर चार वर्षांनी देशभर होणाऱ्या मोठ्या मोजणीत, वनरक्षक पायी फिरून अशा खुणा आणि लेंड्या नोंदवतात. स्वयंसेवक म्हणून तुम्हाला नमुने गोळा करायला सांगितलं, तर ते काम वनखात्याच्या परवानगीने आणि शिकवल्याप्रमाणेच करायचं. स्वतःच्या हौसेने विष्ठा घरी आणायची नाही. कायद्याच्या बाजूने नाही आणि फ्रीजच्या बाजूनेही नाही. हातमोजे घाला, नमुना काडीने किंवा टाकाऊ चमच्याने उचला, डबीचं झाकण घट्ट लावा, डबी दुसऱ्या पिशवीत घाला, मोजा उलटा करून काढा आणि मगच पेनाने नोंद करा. दोघं असाल तर सोपं जातं: एकाचे हात घाण, दुसऱ्याचे स्वच्छ, आणि लिहायचं, पाणी द्यायचं, फोन उचलायचा तो स्वच्छ हातवाल्याने.

एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो. डीएनए तपासणीसाठी नमुना अल्कोहोलमध्ये ठेवतात. त्या नळीत टेपवर्मची अंडी जिवंत राहू शकतात. औषधात बुडालं म्हणजे निर्धोक झालं, असं समजून ती नळी खिशात टाकून फिरू नका. जिथे धोका मोठा मानतात तिथल्या प्रयोगशाळा असे नमुने हाताळण्याआधी उणे 80 अंशांवर काही दिवस गोठवून ठेवतात, ते उगाच नाही.

पाणवठा

उन्हाळ्यात सगळं रान त्या एका डबक्यावर येतं. गवे, सांबर, डुकरं, वानरं तिथेच पितात आणि तिथेच हगतात. पाणी वरून कितीही नितळ दिसलं तरी ते प्यायचं नाही, गुळणी करायची नाही, त्यात डबा विसळायचा नाही. तोंडावर पाणी मारायचा मोह होतो, तोही आवरा.

अडचणीत नाइलाजाने प्यावंच लागलं, तर उकळा. पाणी खदखदायला लागल्यावर एक मिनिट. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं सांगतात, पण आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1646 मीटरचं, त्यामुळे महाराष्ट्रात कुठेही एक मिनिट पुरे. क्लोरीनच्या गोळ्या जिवाणूंवर चालतात, क्रिप्टोस्पोरिडियमवर जवळजवळ नाहीत. 1993 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरीन टाकलेल्या नळाच्या पाण्यातून या एका परजीवीने सुमारे चार लाख लोकांना हगवण लावली होती. गाळणी वापरत असाल तर तिचं छिद्र एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक आहे का ते बघा. ओढणीतून किंवा सुती फडक्यातून गाळल्याने पालापाचोळा आणि बेडूकपिल्लं निघतात, बाकी काही नाही.

करवंदं, जांभळं, आळू? खा, जरूर खा. फांदीवरची खा. खाली पडलेलं उचलू नका आणि सोबतच्या पाण्याने धुऊन घ्या. ऐन मे महिन्यात करवंदं खाऊ नका असं सांगण्याचं धाडस माझ्यात नाही.

मचाणावर

चढण्याआधी हात धुवा. वर गेल्यावर दोरी, बांबू, दुर्बीण असं काय काय हाताला लागतं, म्हणून खाण्याआधी पुन्हा धुवा. पुडीचा खाऊ पुडीतूनच तोंडात सोडलेला बरा. तंबाखू मळणाऱ्या दोस्तांना विशेष विनंती: तळहातावर मळून ओठात धरण्याइतका सरळ रस्ता जंतांनाही आखता आला नसता.

आता न बोलण्याचा विषय. मचाणावर चोवीस तास काढायचे असतात. जायची वेळ आली तर पाण्यापासून किमान साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा करा आणि माती लोटा. उतरण्याआधी सोबतच्या वनकर्मचाऱ्याला सांगायचंच. हा नियम फक्त स्वच्छतेचा नाही. आपल्या पोटातलं जिआर्डिया माकडांना आणि हरणांना मिळू शकतं. देवाणघेवाण दोन्हीकडून चालते, याची आठवण पाहुण्याने ठेवावी.

घरी परतल्यावर

बूट दाराबाहेर. तळवे ब्रशने आणि पाण्याने घासा, ते पाणी अंगणातल्या पालेभाजीच्या वाफ्यात सोडू नका. रांगत्या मुलांच्या घरात हे कटाक्षाने पाळा, कारण मातीचा हात तोंडात घालण्यात त्यांचा कोणी हात धरणार नाही. कपडे गरम पाण्यात, इतरांपासून वेगळे.

खरा पूल म्हणजे कुत्रा

इथे मला जरा जास्त वेळ थांबायचं आहे, कारण लोक बिबट्याच्या विष्ठेला घाबरतात आणि कुत्र्याला मांडीवर घेतात.

जंगलालगतच्या गावातला कुत्रा रात्री रानात जातो, मेलेल्या जनावराचे लचके तोडतो, कोल्ह्याच्या विष्ठेवर लोळतो आणि सकाळी अंगणात येऊन पोराचं तोंड चाटतो. माळरानावर मेंढरांसोबत फिरणाऱ्या कुत्र्यांचंही तेच. त्याच माळावर लांडगा आणि कोल्हा आहे, कळपातली मेलेली मेंढी आहे आणि राखणीचा कुत्राही आहे. इकायनोकॉकसला याहून सोयीची जागा मिळणार नाही. आपल्याकडे माणसाला होणाऱ्या हायडॅटिडच्या मागे मुख्यतः कुत्रा आणि पाळीव जनावरं हीच साखळी असते. रानातले कोल्हे-लांडगे त्या साखळीला जोडलेले असतात, आणि पुष्कळदा गावाकडून त्यांच्याकडेच रोग जातो.

म्हणून बकरं कापल्यावर काळीज-फुप्फुसात पाण्याचे फोड दिसले, तर तो भाग कुत्र्यापुढे टाकू नका. जाळा किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरा. कुत्र्याला जंताचं औषध पशुवैद्यकाला विचारून नियमाने द्या आणि विचारताना "टेपवर्मवर चालतं का" हे मुद्दाम विचारा. गोल जंतांचं प्रत्येक औषध टेपवर्मवर चालत नाही. टेपवर्मसाठी प्राझिक्वांटेल लागतं. आणि सुट्टीत जंगलात जाताना कुत्र्याला घरी ठेवा. वन्यप्राण्यांसाठीही तेच बरं.

माळ्यावरचा पाहुणा आणि कौलावरची माकडं

कोकणातल्या जुन्या घरात माळ्यावर उदमांजर राहायला येतं आणि एकाच कोपऱ्यात विष्ठा करतं. ती कोरड्या झाडूने झाडायची नाही. मास्क आणि मोजे घाला, साबणाच्या पाण्याने ढीग भिजवा, फावडीने उचलून पिशवीत भरा, आणि जागा सोसणार असेल तर कढत पाणी ओता. ब्लीच ओतून गोल जंतांची अंडी मरत नाहीत, उष्णतेने मरतात. शेवटी फट बुजवा, पण आत पिल्लं नाहीत याची खात्री करूनच.

घाटातल्या माकडांबद्दल एवढंच: हातातून दाणे भरवू नका.

अमेरिकेतल्या आप्तांसाठी एक जादा गोष्ट. मागच्या अंगणात रॅकून येत असतील, तर ते डेकवर, झाडाच्या बुंध्याशी किंवा मुलांच्या वाळूच्या चौकोनात एकाच जागी वारंवार विष्ठा करतात. त्यांचा गोल जंत, बेलिसअ‍ॅस्कॅरिस, आपल्या टॉक्सोकाराचा दांडगा भाऊ. रोगी फार थोडे सापडतात, पण अळी मेंदूत शिरते आणि मग फारसं काही हातात राहत नाही. त्याची अंडी तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे ताजी विष्ठा लगेच उचलली तर वेळ आपल्या बाजूने असतो. त्या जागेवर उकळतं पाणी ओता, वाळूचा चौकोन झाकून ठेवा. मुलाने ती माती तोंडात घातली असं वाटलं तर लक्षणांची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर उपयोग होण्याची शक्यता जास्त.

डॉक्टरांकडे कधी, आणि काय सांगायचं

पाणचट जुलाब, पोट फुगणं, दुर्गंधी ढेकर आठवड्याहून जास्त चालले तर जा. जिआर्डिया साधारण एक-दोन आठवड्यांनी बोलू लागतो, क्रिप्टोस्पोरिडियम आठवड्याच्या आसपास. पायावर सरकणारी खाजरी रेघ दिसली तर जा. एका डोळ्याने अंधुक दिसू लागलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. उजव्या बरगडीखाली कित्येक दिवस जडपणा वाटत असेल आणि कुत्र्या-मेंढरांचा सहवास असेल, तर सोनोग्राफीबद्दल विचारा. त्यात पाण्याची गाठ दिसली तर "सुई घालून काढून टाका" असा आग्रह धरू नका. हायडॅटिडची पिशवी फुटली तर जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होऊ शकते, त्यामुळे सुई घालायची की नाही हे त्यातल्या जाणत्यानेच ठरवायचं.

शौचाची तपासणी एकदा स्वच्छ आली म्हणून विषय मिटत नाही. परजीवी रोज सारखे बाहेर पडत नाहीत. वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने दिले तर सापडण्याची शक्यता वाढते. आणि टॉक्सोकारा किंवा हायडॅटिड शौचात दिसतच नाही, कारण तो आतड्यात नसतोच. त्यासाठी रक्तातल्या इओसिनोफिल पेशी, अँटिबॉडीची तपासणी किंवा सोनोग्राफी लागते.

गणनेहून आल्यावर "एक गोळी मारून टाकू" हा सल्ला हमखास मिळतो. शाळा-अंगणवाडीत 10 फेब्रुवारीला, राष्ट्रीय जंतनाशक दिनी, मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती माणसाच्या नेहमीच्या आतड्यातल्या जंतांसाठी. त्या एका गोळीने यकृतातली पिशवी विरघळत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियमलाही काही होत नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीला तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही.

शहरातल्या डॉक्टरांच्या डोक्यात बिबट्याची विष्ठा सहसा येत नाही, ती आपणच सांगावी लागते. म्हणून जंगलातून निघतानाच मोबाइलमध्ये चार ओळी लिहून ठेवा: कुठल्या तारखांना कुठल्या रानात होतो, काय हाताळलं, पाणी कुठलं प्यायलो, अनवाणी चाललो का. पाचवी ओळ घरी कुत्रा आहे का याची. ती लिहायची राहते, आणि डॉक्टरांनी विचारावं असं मला सगळ्यात जास्त तिच्याबद्दल वाटतं.